उशाशी फोन आणि अर्धी झोप

२०२५च्या डिसेंबरात लोकसभेत एक खासगी विधेयक मांडलं गेलं. कामाचे तास संपल्यावर साहेबाचा फोन किंवा मेल आला, तर तो न घेण्याचा हक्क नोकरदाराला असावा, असं त्यात म्हटलं आहे. मांडणाऱ्या होत्या खासदार सुप्रिया सुळे. त्यांनी २०१८ मध्येही असंच विधेयक आणलं होतं. खासगी विधेयकांचं पुढे फारसं काही होत नाही, १९७० नंतर असं एकही विधेयक मंजूर झालेलं नाही. तरी बातमी सगळीकडे झळकली. फ्रान्समध्ये २०१७ पासून असा हक्क आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून आहे, अशी माहितीही सोबत आली. ज्यांची मुलं-मुली पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांत आहेत, त्या मैत्रिणींनी ती नक्की वाचली असेल. जेवणाच्या ताटाशेजारी लॅपटॉप उघडा ठेवून बसणारी पोरं आता घरोघरी आहेत. त्यांना ‘ऑन कॉल’ असतं म्हणे. म्हणजे आठवडाभर फोन कधीही वाजू शकतो, आणि वाजला की उठायचं.

मला मात्र ही बातमी वाचताना मोहर्ली आठवली.

मोहर्ली तुम्हाला माहीत असेल ती ताडोबाचं दार म्हणून. भद्रावती तालुक्यातलं गाव, चंद्रपूरहून तीसेक किलोमीटर, इरई धरणाच्या पाण्याजवळ. पहाटे उजाडायच्या आत गेटवर जिप्सींची रांग लागते. वाघाचे फोटो तेवढे आपल्यापर्यंत पोचतात. त्या गावाच्या आणि आजूबाजूच्या खेड्यांच्या रात्री कशा जातात, हे पर्यटकाला कळायचं काही कारण नाही. पण ‘ऑन कॉल’ बघायचं असेल तर कंपनीत कशाला जायला हवं? इथे आशाताई आहे, उपकेंद्रावरची नर्सबाई आहे, वनरक्षक म्हणून लागलेली मुलगी आहे. फरक इतकाच की यांच्या जागरणाला कुणी इंग्रजी नाव दिलेलं नाही.

त्या भागातल्या एका आशाताईशी मागे बोलणं झालं. नाव देत नाही, तिला उगाच त्रास नको. मी सहज विचारलं, ‘झोप होते का गं नीट?’ ती म्हणाली, ‘लागते जी झोप, पण पुरी नाही लागत. फोन उशाखाली असते. नववा लागलेली बाई गावात असली का मले कुत्रं भुंकलं तरी वाटते, आता बोलावणं आलंच. कधी कधी तं फोन वाजतच नाही, मीच उठून पाहाते, बंद तं नाही पडला.’

तिचं शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. फोन वाजला, ती उठली, रात्र गेली, हे सगळ्यांना दिसतं. दवाखान्यात तशी नोंद तरी होते. पण फोन वाजलाच नाही ती रात्र? सासू म्हणते, काल तर झोपली होतीस की. साहेब म्हणतात, काल कॉल नव्हता. तिला स्वतःलाही वाटतं, काही केलं तर नाही, मग सकाळी अंग एवढं जड का?

याचं उत्तर शास्त्रज्ञांनी कधीच देऊन ठेवलंय. १९८८ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी जहाजावरच्या इंजिनिअरांचा अभ्यास केला. जहाजाच्या इंजिनात बिघाड झाला की यांच्या खोलीत घंटा वाजायची आणि यांनी उठून खाली धावायचं. संशोधकांनी त्यांच्या डोक्याला तारा लावून झोप मोजली. घंटेची जबाबदारी असलेल्या रात्री झोप कमी भरली, त्यातली गाढ झोप तर आणखी कमी, आणि दुसऱ्या दिवशी पेंग जास्त. गंमत म्हणजे झोप घंटा वाजल्यावर बिघडली असं नाही, ती घंटा वाजायच्या आधीपासूनच बिघडलेली होती. वाजेल या धास्तीनेच. आपल्या आशाताईने जे दोन वाक्यांत सांगितलं, तेच.

आई झालेल्या प्रत्येकीला हे वेगळं समजवायला नको. तापलेलं लेकरू कुशीत असताना आपण झोपतो ती झोप कसली असते? डोळे मिटलेले, कान उघडे. तशी एखादी रात्र सगळ्याच काढतात. प्रश्न आहे तो वर्षानुवर्षं तशाच झोपणाऱ्या बाईचा.

गाढ झोप साधारणपणे रात्रीच्या पहिल्या भागात जास्त मिळते. शरीराची दुरुस्ती मुख्यतः त्याच वेळात चालते. तेव्हाच फोन वाजला आणि माणूस खडबडून उठला, तर पुढची पंधरा-वीस मिनिटं, कधी अर्धा तास, डोकं धुकट राहतं. पाय चालतात, विचार चालत नाही. आणि आशाताईला नेमका त्याच वेळी निर्णय घ्यायचा असतो. पाणी गेलंय की रक्त? गाडीची वाट बघायची की मिळेल त्या वाहनाने निघायचं? भद्रावती गाठायचं की सरळ चंद्रपूर? १०८ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे, तिचा आधार मोठा आहे, पण जंगलातल्या रस्त्याने ती येईपर्यंत बाईजवळ असते ती आशाच. बाळंतिणीच्या घरापर्यंत तरी कसं जायचं? अंधारात गावातला रस्ताही एकटीने चालायचा नाही, हे बिबट्याने शिकवलेलं असतं. मग नवऱ्याला उठवायचं, त्याने मोटारसायकल काढायची. एका फोनमध्ये दोघांची झोप जाते, आणि नवऱ्याची तर कुठल्याच रकान्यात नाही.

बाळंतपण झालं की सकाळ. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर टेकून मिळेल तेवढा डोळा लावायचा आणि एसटीने परत. इथे बायकांचं आणि पुरुषांचं गणित वेगळं होतं, बघा. रात्रपाळी करून आलेला पुरुष घरी येतो तेव्हा घर त्याला झोपवतं. ‘हळू बोला रे, बाबा रातपाळीवरून आलेत.’ बाई आली की घर तिची वाट बघत असतं. चूल, पाणी, मुलांचे डबे. त्यातच लसीकरणाचा दिवस असेल तर अकरा वाजता अंगणवाडीत हजर. रात्रीच्या झोपेची भरपाई दिवसा करायची, हे डॉक्टरांचं सांगणं खरंच आहे, पण ते ऐकायला दुपार मोकळी असावी लागते.

थोडी कमी झोप मिळाली तर सवय होते, असं आपण समजतो. सवय होत नाही, फक्त कळेनासं होतं. अमेरिकेत २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. धडधाकट माणसांना दोन आठवडे रोज सहाच तास झोपू दिलं. शेवटी त्यांचं लक्ष आणि स्मरण इतकं घसरलं, की जणू एक-दोन रात्री अजिबात झोपलेच नाहीत. पण त्यांना विचारलं तर म्हणायचे, आम्ही तसे ठीक आहोत. आपल्याकडची बाईही असंच म्हणते. चिडचिड वाढते, ॲसिडिटी होते, बीपी चढतं, आणि सगळ्यांचं कारण ‘वय झालं’ हे! वर्षानुवर्षांच्या रात्रपाळीचा कर्करोगाशी संबंध असण्याची बरीच शक्यता आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७ मध्ये म्हटलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तेच सांगितलं. मी घाबरवण्यासाठी लिहीत नाही. पण हा ‘नाजूकपणा’चा विषय नाही, एवढं तरी घरच्यांना ठाऊक हवं.

आता पैशांकडे येते. आशा ही योजना २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आली. साधारण एक हजार वस्तीमागे एक आशा. तिने दिवसाचे दोन-तीन तास, आठवड्यातले चारेक दिवस काम करावं, अशी मूळ कल्पना. ती कर्मचारी नाही, स्वयंसेविका. म्हणून पगार नाही, कामागणिक मोबदला. जननी सुरक्षा योजनेत बसणाऱ्या ग्रामीण बाईच्या बाळंतपणामागे सहाशे रुपये. निम्मे गरोदरपणातल्या तपासण्यांसाठी, निम्मे दवाखान्यात बाळंतपण होण्यासाठी. पुढे नवजात बाळाला बेचाळीस दिवसांत सहा-सात वेळा घरी जाऊन बघायचं, त्याचे अडीचशे.

ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत कुठून आली, ठाऊक आहे ना? आपल्या शेजारच्या गडचिरोलीतून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत साध्या, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले, नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ मध्ये हे काम देशभरातल्या आशांकडे आलं. मला याचा अभिमान आहे, आणि तो असायलाच हवा. खेड्यातली बाई रात्री-अपरात्री दार ठोठावल्यावर उठली, म्हणून लेकरं जगली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला तेव्हा टीव्हीवर टाळ्याही वाजल्या. मग त्याच आशांना २०२३च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४च्या जानेवारीत संपावर का जावं लागलं? आझाद मैदानात थंडीत बसलेल्या बायका आठवत असतील. मार्च २०२४ मध्ये राज्याने मानधनात पाच हजारांची वाढ दिली. ती मिळाली, चांगलं झालं. पण रात्री वाट बघत काढलेल्या तासांचा हिशेब मला त्या निर्णयात कुठे दिसला नाही.

कारण सरळ आहे. बाळंतपण झालं तर तीनशे. फोनची वाट बघत काढलेल्या वीस रात्रींचे शून्य. वाट बघणं हे काम आहे, असं आपण मानतच नाही.

बेल्जियममध्ये एका अग्निशमन जवानाने हाच प्रश्न कोर्टात नेला होता. तो घरीच असायचा, पण बोलावणं आलं की आठ मिनिटांत ठाण्यावर पोचायची अट. मग घरी असूनही तो ना लांब जाऊ शकत होता, ना निवांत होऊ शकत होता. २०१८ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं, असा घरी थांबण्याचा वेळ हाही कामाचाच वेळ. आपल्या आशाताईला कुणी आठ मिनिटं लिहून दिलेली नाहीत, पण कळा कुठे मिनिटं मोजून येतात?

आणि तो सुरुवातीचा ‘फोन न घेण्याचा हक्क’? तो मिळवायला आधी नोकरदार असावं लागतं. मे २०१३ मध्ये भारतीय श्रम परिषदेने शिफारस केली होती, की अशा योजनांमध्ये काम करणाऱ्यांना कामगार म्हणून मान्यता द्या. २०२५च्या नोव्हेंबरात नव्या श्रमसंहिता लागू झाल्या, आशा मात्र स्वयंसेविकाच राहिली. म्हणजे ते विधेयक उद्या मंजूर झालं असं धरलं, तरी मोहर्लीतला फोन वाजतच राहणार.

खरं तर वाजायलाही हवा. बाळंतपणाचा फोन सकाळी नऊनंतर या, असं कोण म्हणेल? म्हणून मला वाटतं, इथे दोन फोन वेगळे करायला हवेत. एक अडलेल्या बाईचा, एक साहेबाचा. रात्री दहाला ग्रुपवर मेसेज येतो, ‘उद्या सकाळी आठपर्यंत माहिती भरून पाठवा.’ ती यादी दुपारी का नाही मागता येत? हा फोन सकाळपर्यंत थांबू शकतो आणि त्याला थांबायला सांगायला कायदाही लागत नाही, एका पत्रकात भागतं. अडलेल्या बाईचा फोन थांबू शकत नाही. तो वाटून घ्यावा लागतो.

वाटून घेणं आपल्याला नवीन आहे का? मोहर्लीहून चंद्रपूरला येताना वाटेत पद्मापूरची कोळसा खाण लागते. पुढे महाऔष्णिक केंद्राची धुरांडी दिसतात, २,९२० मेगावॅटचं, इरई धरणाच्याच पाण्यावर चालणारं. हे केंद्र रात्रंदिवस चालतं, तिथे एकच माणूस रात्रंदिवस उभा करतात का? तीन पाळ्या असतात, हजेरी असते, जाणाऱ्याची जागा येणारा घेतो. ते जाऊ द्या, शेतातली जागली बघा. रानडुकरं पीक फस्त करतात म्हणून माणसं रात्री शेतावर जागलीला जातात. एकटा माणूस रोज जागली करू शकत नाही, हे कळायला गावाला कुठल्या अभ्यासाची गरज पडली नाही. आज बाप, उद्या मुलगा, परवा शेजारी. गव्हाच्या शेताला जे कळतं ते बाईच्या बाबतीत कळत नाही, याचा मला राग येतो.

नर्सबाईचं थोडक्यात सांगते. तिला मुख्यालयी राहायची अट. म्हणजे उपकेंद्राला लागून खोली, आणि दारावर थाप पडली की उठायचं. दिवसाची ड्यूटी दिवसा, रात्रीची थाप वरून. तिला पगार आहे, एवढाच दिलासा, आणि कंत्राटी असली तर तोही तोकडा.

वनरक्षक मुलींची गोष्ट मात्र अजून फारशी लिहिली गेली नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या कितीतरी मुली धावण्याची परीक्षा देऊन वनखात्यात लागल्या. बीट सांभाळायचं, गस्त, पाणवठे, ट्रॅप कॅमेरे. ताडोबाचं गाभा क्षेत्र सव्वासहाशे चौरस किलोमीटर, त्याच्या भोवतीचं बफर अकराशे, आणि त्या बफरमध्ये माणसांची गावं. रात्री गुरं मारली गेली, वाघ गावात दिसला, की पहिला फोन बीटच्या गार्डला. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा घटनेनंतर गाव पेटलेलं असतं, आणि ते बरोबरच असतं. त्या जमावापुढे उभं राहणारी, रात्रभर गस्त घालणारी गणवेशातली मुलगी चोविशीची-पंचविशीची असते. तिचे ड्यूटीचे तास विचारले तर ती नुसती हसते.

२० नोव्हेंबर २०२१ ला कोलारा वनपरिक्षेत्रात व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या वनरक्षक स्वाती ढुमणे यांच्यावर वाघिणीने हल्ला केला आणि त्यात त्यांचा जीव गेला. त्या दुर्घटनेचा संबंध मी झोपेशी जोडत नाही, तसं म्हणायला काहीच आधार नाही. मला एवढंच म्हणायचंय की ज्या कामात झुडपामागची हालचाल वेळेवर दिसणं हाच बचाव, त्या कामावरची बाई झोप होऊन आलीय का, हे सकाळी कुणीतरी विचारायला हवं. ट्रक ड्रायव्हरला आपण विचारतो. सप्टेंबर २०२१ मध्ये राज्याच्या पोलीस महासंचालकांनी महिला पोलिसांची ड्यूटी बारा तासांवरून आठ तास करण्याचा आदेश काढला होता, त्याआधी नागपुरात तसा प्रयोग झाला होता. पोलिसांसाठी निदान कागदावर आठचा आकडा येऊ शकतो, तर वनखात्यात आणि आरोग्यात तो आणायला काय हरकत आहे?

आशांच्या बाबतीत रात्री वाटून घ्यायच्या कशा, यावर मी त्या ताईलाही विचारलं. शेजारच्या दोन गावांच्या आशांनी आठवडा वाटून घ्यावा, अशी माझी सूचना. ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, ‘आमच्या बायका दुसरीसंग नाही जात जी. मलेच पाहिजे म्हणते.’ खरं आहे. गोंड, माना घरातली पहिलटकरीण दवाखान्याला तयार होते ती आशाच्या ओळखीवर. शिवाय दुसरी गेली तर तीनशे कुणाचे? ज्या गावची यादी तिचे, की जी रात्रभर जागली तिचे? मग बोलता बोलता तिनेच वाट काढली. बाळंतपणाला मीच जाईन, पण ताप, उलट्या, चौकशा, हे रात्रीचे बाकी फोन आठवड्यातल्या तीन रात्री दुसरीकडे जाऊ द्या. आणि रात्री गेले तर दुसऱ्या दिवशी घरभेटी नको. यात सरकारच्या तिजोरीतून जायचं ते फारच थोडं. जागून काढलेल्या प्रत्येक रात्रीला काही ठरावीक भत्ता मिळाला तर ते न्यायाचं होईल, पण त्यासाठी थांबायची गरज नाही.

हे वाचणाऱ्या बहुतेकजणी आशा नसतील, पण प्रत्येकीच्या गावात किंवा गावाशेजारी एक तरी आशा आहे. गावात ग्राम आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती असते. तिच्याकडे वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी येतो, आणि तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा असतो. चांगली टॉर्च, रात्री गाडी काढणाऱ्याच्या पेट्रोलचे पैसे त्यातून देता येतात का, हे समितीत विचारा. रात्री तिला सोडायला जाणाऱ्या चार-पाच पुरुषांची नावं वारानुसार लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला तर पैसाही लागत नाही. मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यायची असते, बहुतेक गावांत ती सह्यांपुरती होते. पुढच्या वेळी सही करायच्या आधी हा विषय मांडा, आणि तो इतिवृत्तात लिहिला गेला का, ते वाचून बघा.